मंजूर 96, रात्री रस्त्यावर 5

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहरातल्या नव्या कॉलनीत दोन महिन्यांत तीन घरफोड्या झाल्या, कोणीतरी माहिती अधिकारात काढून आणलं की ठाण्याला मंजूर पदं 96 आहेत, तरी रात्री 112 ला फोन लावला की एकच गाडी येते अन् तीही अर्ध्या तासानं, मग बाकीचे नव्वद जण करतात काय? आणि पुढे विचारलंय की मुंबईसारखी आठ तासांची ड्युटी इकडे लावली तर माणसं ताजी राहतील, गस्त वाढेल, तर तसं निवेदन एसपी साहेबांना द्यावं का.

निवेदन जरूर द्या भाऊ, पण आधी हे वाचा, नाहीतर तुमच्याच निवेदनानं तुमच्या कॉलनीतली आहे ती गस्तही जायची.

मी 33 वर्षं खात्यात काढली, शिपाई म्हणून लागलो अन् सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो. त्यातली सात वर्षं जळगाव जिल्ह्यातल्या एका शहरी ठाण्यात हजेरी मास्तर होतो. हजेरी मास्तर म्हणजे रोज संध्याकाळी उद्या कोण कुठे उभा राहणार हे लिहिणारा माणूस. ठाण्यात सगळ्यात जास्त शिव्या खाणारा पण तोच. ठाण्याचं नाव सांगत नाही आणि खालचे आकडे मुद्दाम थोडे इकडेतिकडे केलेत, पण हिशोबाची तऱ्हा जशी होती तशीच ठेवलीय.

तर ते 96. मंजूर 96 म्हणजे सरकारनं कागदावर मान्य केलेली पदं. त्यातली 15 रिकामी होती, कारण रिटायर होणारा 58 व्या वर्षी तारखेला घरी जातो पण त्याच्या जागी येणारा पोरगा जाहिरात, मैदानी, लेखी, मेडिकल, चारित्र्य पडताळणी आणि मग ट्रेनिंग असं सगळं करून वर्दीत यायला दीड-दोन वर्षं आरामात जातात. राहिले 81. त्यात अधिकारी 7, म्हणजे अंमलदार (शिपाई ते सहायक फौजदार) 74. आता या 74 पैकी 11 जण आमच्या पगारपत्रकावर पण आमच्या ठाण्यात कधीच दिसले नाहीत, कोणी एलसीबीला म्हणजे जिल्ह्याच्या गुन्हे शाखेला, कोणी एसपी ऑफिसला, कोणी ट्रॅफिकला, कंट्रोल रूमला, दोघं कोणाचे तरी गनमॅन. याला आमच्यात 'संलग्न' म्हणतात. माणूस तुमचा, काम दुसऱ्याचं, आणि वर्षानुवर्षं. मला विचाराल तर रिकाम्या पदांवर सगळे बोंब मारतात, या संलग्नवाल्यांवर कोणी बोलत नाही, आणि खरी गळती इथेच आहे. रिकामं पद निदान भरती निघाली की भरतं, संलग्न गेलेला परत येत नाही.

राहिले 63. यातले कोणत्याही दिवशी दहा-एक जण रजेवर, सिकमध्ये, ट्रेनिंगला, एखादी ताई प्रसूती रजेवर. राहिले 53. सातव्या हिश्शाला साप्ताहिक सुट्टी दिली, म्हणजे प्रामाणिकपणे दिली, तर 7 कमी. 46. आता ठाणं चालवायला जे लागतंच ते बघा, ठाणे अंमलदार दिवसरात्रीचे मिळून 3, त्यांचे मदतनीस 3, वायरलेस 3, सीसीटीएनएसवर म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदीच्या कॉम्प्युटरवर 2, क्राईम कारकून, मुद्देमाल कारकून, बारनिशी (आवक-जावक टपाल), गोपनीय माहिती काढणारे 2, पासपोर्टवाला आणि अस्मादिक हजेरी मास्तर, झाले 18. उरले 28. कोर्टात पैरवीला एक, समन्स-वॉरंट बजावायला तीन, उरले 24. लॉकअपला आरोपी असले की गार्ड, 4 धरा, उरले 20. दोन गाड्यांचे चालक 4, उरले 16. डीबी म्हणजे गुन्हे शोध पथकाचे 5, ते साध्या कपड्यात चोर शोधतात, त्यांना पॉइंटला उभं करता येत नाही. उरले 11.

या 11 जणांत शहराचा तुमचा भाग, दिवस आणि रात्र. मी दिवसा 6 टाकायचो, रात्री 5. त्या पाचात दोन 112 च्या गाडीवर, दोन मोटरसायकलवर बीट मार्शल, एक बाजारपेठेत सराफ लाईनला फिक्स पॉइंट. तुमची कॉलनी कोणाच्या वाट्याला आली? मोटरसायकलवाल्या दोघांच्या, आणि त्यांच्याकडे अजून अशा तीसेक कॉलन्या.

आता यात अजून एक गंमत सांगतो, जी बाहेरच्या माणसाला कधीच दिसत नाही. संध्याकाळचे सात वाजलेत, उद्याचा चार्ट मी पेन्सिलनं भरून संपवलाय, पेन्सिलनंच भरायचा कारण पेनानं भरला तर पान फाडावं लागतं, चहा मागवलाय, आणि लॉकअपमधून आवाज येतो, मास्तर, आरोपीच्या छातीत दुखतंय. झालं. आरोपी सिव्हिलला न्यायचा, डॉक्टर म्हणतात ॲडमिट करा, आता त्याच्या खाटेशेजारी चोवीस तास दोन माणसं बसवायची, हातकडीचे नियम वेगळे, पळाला तर दोघं सस्पेंड. दोन माणसं बारा-बारा तास म्हणजे चार माणसं. ही चार कुठून आणणार? कारकुनाला उचलता येत नाही, चालकाला येत नाही, ठाणे अंमलदाराला येत नाही. त्या 11 मधूनच. म्हणजे त्या रात्री तुमच्या कॉलनीत जी शिट्टी वाजायची ती सिव्हिलच्या वॉर्डात खुर्चीवर बसून डास मारत असते. एक आरोपी नऊ दिवस ॲडमिट राहिला होता एकदा, कशानं तर ॲसिडिटीनं, मी त्याच्यापेक्षा जास्त गोळ्या खाल्ल्या त्या नऊ दिवसांत.

म्हणून ते 'माणशी किती पोलीस' वाले आकडे मला फारसे कामाचे वाटत नाहीत. केंद्राच्या पोलीस संशोधन व विकास ब्युरोचे 2020 चे आकडे होते, देशात लाखामागे मंजूर 195 च्या आसपास, प्रत्यक्ष 155 च्या आसपास. बरोबर आहेत आकडे, पण तो 155 मधला पोलीस कुठे उभा आहे हे त्यात येत नाही. एसआरपीचा म्हणजे राज्य राखीव दलाचा जवान पण त्यात, बंगल्यावरचा गार्ड पण त्यात, एसआरपीच्या धुळ्याच्या गट 6 मधला माणूस तर कुठल्या राज्यात इलेक्शन ड्युटीला असेल त्याचं त्याला माहीत.

आता आठ तासांकडे येऊ.

पहिलं म्हणजे कायदा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 28, पोलीस कायम ड्युटीवर आहे असंच समजायचं. म्हणजे तास किती हे कायद्यानं ठरलेलंच नाही, जे काही बारा-आठ होतं ते साहेबांच्या आदेशानं होतं आणि दुसऱ्या साहेबांच्या आदेशानं जातं. युनियन करता येत नाही, 1966 चा कायदा आहे त्यासाठी. त्यामुळे शिपाई मोर्चा काढून आठ तास मागेल असं होणार नाही, तुम्ही नागरिकांनीच मागायचं, म्हणून तुमच्या निवेदनाचं मला कौतुक आहे.

मुंबईत झालं ते असं. देवनार ठाण्यातल्या एका शिपायानंच आठ तासांचा आराखडा बनवून वर दिला, आयुक्त होते दत्ता पडसलगीकर, त्यांनी मे 2016 मध्ये देवनारलाच ट्रायल घेतली आणि 1 जानेवारी 2017 पासून सगळ्या मुंबईच्या ठाण्यांत लावली. मला त्या शिपायाचं फार अप्रूप, कारण आमच्या इथे एखाद्यानं असा कागद वर दिला असता तर आधी त्याची बदली झाली असती. पुढे कोविडात ते कोलमडलं. मग सप्टेंबर 2021 मध्ये डीजी म्हणजे राज्याचे पोलीस महासंचालक संजय पांडे साहेबांनी राज्यभर महिला अंमलदारांना बाराऐवजी आठ तास करायला सांगितलं, प्रायोगिक म्हणून. त्यावेळी मी हजेरीवर नव्हतो पण माझ्या जागी जो होता तो रोज फोन करायचा, आप्पा, कसं बसवू सांगा. कारण तास कमी केले पण माणसं तेवढीच, मग जे चार तास मोकळे झाले ते कोणाच्या अंगावर पडले? पुरुषांच्या. त्यावरून कुरबुर झाली, होणारच. पण माझं मत विचाराल तर ताईंना आठ तास बरोबरच होते, बारा तास उभं राहून, ठाण्यात धड बाथरूम नाही, घरी जाऊन दोन लेकरांचा डबा करणारी बाई मी रोज पाहिलीय. चूक तास कमी करण्यात नव्हती, बदली माणूस न देता कमी करण्यात होती.

बदली माणूस. आमच्या भाषेत रिलीव्हर. सगळं गणित इथे अडतं आणि बहुतेक लोक इथेच चुकतात, साहेब लोकसुद्धा. त्यांना वाटतं तीन पाळ्या म्हणजे तीन माणसं. कागद घ्या. एक खुर्ची, ठाणे अंमलदाराची धरा, ती वर्षभर एक मिनिट रिकामी ठेवता येत नाही. 24 गुणिले 365 म्हणजे 8760 तास. आता एक माणूस वर्षात किती दिवस येतो? 365 मधून 52 साप्ताहिक सुट्ट्या, 20 किरकोळ रजा (आधी 12 होत्या, 2022 ला 20 झाल्या), 30 अर्जित रजा, आजारपण-ट्रेनिंग-कोर्टातल्या साक्षी मिळून 13 धरा, राहिले 250 दिवस. आठ तासांनी 2000 तास. 8760 भागिले 2000, येतात 4.38. म्हणजे एका खुर्चीला साडेचार माणसं लागतात, तीन नाही. बारा तासांनी तोच माणूस 3000 तास देतो, मग 2.92, म्हणजे तीन. बाराचे आठ करायचे तर तेवढ्याच कामाला दीडपट माणसं. वर सांगितलेल्या त्या पोलीस संशोधन ब्युरोनं 2014 साली ठाण्यांच्या आठ तासांच्या पाळीवर अख्खा अभ्यास केला होता, त्यात त्यांनी मंजूर संख्येच्या 1.68 पट माणसं लागतील असं काढलं, आमच्या बोटांवरच्या हिशोबापासून काही फार लांब नाही ते. त्याच अभ्यासात होतं की ठाण्यातले जवळपास 90 टक्के लोक आठ तासांच्या वर काम करतात आणि 73 टक्क्यांहून जास्त लोकांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी घेता येत नाही. ते वाचून आमच्या ठाण्यात कोणाला आश्चर्य वाटलं नाही, फक्त एवढंच की चला कोणीतरी मोजलं.

म्हणजे तुमच्या निवेदनावर साहेबांनी उद्या आठ तासांची ऑर्डर काढली, माणसं तेवढीच, तर काय होईल? खुर्च्या तर भरायच्याच आहेत. ठाणे अंमलदार, वायरलेस, लॉकअप, या 24 तासांच्या जागा आधी तीन-तीनवरून साडेचार-साडेचार माणसं खातील. ती माणसं येणार त्या 11 मधून. आणि तुमची मोटरसायकलवाली जोडी गायब.

यावर मधला रस्ता काढलेला असतो तो बारा-चोवीसचा. बारा तास ड्युटी, चोवीस तास घरी. आज सकाळी 8 ते रात्री 8, उद्या रात्री 8 ते परवा सकाळी 8, आणि तेरवा सकाळी परत दिवसपाळी. तीन गट लागतात. लोकांना वाटतं बारा तास म्हणजे फार, पण मोजून पाहा, तीन दिवसांत 24 तास काम, म्हणजे सरासरी आठच पडतात. आठवड्याचे 56. चार गट करता आले तर 42 वर येतं, पण चार गट आमच्या इथे मी कधी पाहिले नाहीत.

आणि आपल्या खान्देशात बारा-चोवीसचा एक फायदा आहे जो मुंबईवाल्याला कळणार नाही. आमचे निम्मे अंमलदार गावाकडून येणारे. कोणी धरणगाव, कोणी पाचोरा, कोणी एरंडोल, यावल. पॅसेंजरनं नाहीतर मोटरसायकलवर. आठ तासांची पाळी रोज म्हणजे महिन्यात 26 फेऱ्या. बारा-चोवीसला 20. वर चोवीस तास मोकळे मिळाले तर माणूस शेतात चक्कर मारून येतो, केळीला पाणी देऊन येतो, आईला दवाखान्यात नेतो. आठ तास काम करून सोळा तास मोकळे असं ऐकायला छान, पण त्यातले तीन तास येण्याजाण्यात, अन् पाळी बदलताना चार्ज घ्यायचा म्हणजे लॉकअपमधली डोकी मोजायची, वायरलेसच्या बॅटऱ्या बघायच्या, हत्यारं मोजायची, स्टेशन डायरीत नोंद, आरामात अर्धा-पाऊण तास जातो. दिवसात दोनदा चार्ज द्यायचा की तीनदा, याचाही फरक पडतो.

पण सकाळी आठ-रात्री आठ ही वेळ मात्र चुकीची आहे, हे माझं ठाम मत. कोणत्या इंग्रजानं ठरवली माहीत नाही. तुम्ही 112 चे कॉल बघा, दुपारी दोनला काही नाही, मे महिन्यात 45 डिग्रीला भुसावळ-जळगावच्या रस्त्यावर कुत्रं फिरत नाही, भांडण कोण करणार. कॉल सुरू होतात संध्याकाळी सहानंतर, दारू, ट्रॅफिक, घरातली भांडणं, दुकानं बंद व्हायची वेळ, आणि नेमकं आठला आमची पाळी बदलते. पावणेआठ ते सव्वाआठ सगळे ठाण्यात, एक चार्ज देतोय, एक घेतोय, गाडी डिझेलला गेलीय. चोराला हे माहीत असतं बरं का. आमच्या इथे चेन स्नॅचिंगच्या दोन-तीन केसेस लागोपाठ आठच्या आसपास झाल्या तेव्हा डीबीच्या एका पोरानं वेळा लिहून काढल्या, अन् मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

मी तेव्हाच्या साहेबांना सांगून बीट मार्शलची पाळी वेगळी काढली. दुपारी 4 ते रात्री 12 एक जोडी, रात्री 12 ते सकाळी 8 दुसरी, आणि दिवसा सकाळी 8 ते 4 नुसता एकच माणूस. माणसं वाढवली नाहीत, फक्त सरकवली. दोन महिने मस्त चाललं. मग रात्री बाराला सुटणारे भांडायला लागले, बाराला घरी जायला ना एसटी ना पॅसेंजर, बॅरेकमध्ये झोपायचं तर पंखा एक अन् खाटा चार. बरोबर होतं त्यांचं. मग मी शहरात राहणाऱ्यांनाच ती पाळी द्यायला लागलो, तर ते म्हणे आम्ही काय पाप केलं शहरात घर घेऊन. शेवटी आठवड्याला फिरती केली, ज्याचा बाराचा आठवडा त्याला रविवारची सुट्टी पक्की. नवीन साहेब आले अन् पहिल्याच रोलकॉलला म्हणाले हे काय नवीन काढलंय, सकाळी आठ-रात्री आठ करा. केलं परत.

साप्ताहिक सुट्टीवरून एक सांगायचं राहिलं. माझा अनुभव असा की माणूस बारा तासांनी तेवढा मोडत नाही जेवढा सुट्टी कापल्यानं मोडतो. सुट्टी नाही मिळणार हे आधी सांगितलं तर तो सोसतो, पण शनिवारी रात्री दहाला फोन करून उद्या ये म्हटलं की गेला तो. आमच्याकडे धुळे तालुक्यातला एक हवालदार होता, कधी तोंड वर करून बोलला नाही, एकदा असाच त्याचा रविवार मी कापला, पोरीला बघायला पाहुणे येणार होते. सोमवारी आला, माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "आप्पा, मनी सुटी कोठे गई?" म्हणजे माझी सुट्टी कुठे गेली. मला रजिस्टर सोडून वर बघता येईना. त्या दिवसापासून मी आठवड्याचा चार्ट रविवारीच भिंतीवर लावायला लागलो, नंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर. सुट्टी कापायची झाली तर ज्याची मागच्या महिन्यात कापली नाही त्याचीच, आणि समोर नाव लिहून कापायची. यानं अर्धी भांडणं मिटली. आणि दुसरी एक गोष्ट पण मिटली जी मिटलेली सगळ्यांना आवडली नाही. चांगला पॉइंट मिळावा, रात्रपाळी चुकावी म्हणून हजेरी मास्तरच्या हातावर काही ठेवायची पद्धत काही ठिकाणी असते, खोटं कशाला बोलू. चार्ट भिंतीवर आला की तो धंदा बसतो.

झोपेचं तर बोलूच नका. एका विसर्जनाला, जळगावच्या मेहरूण तलावावर बंदोबस्त, आमचे लोक आदल्या दिवशी सकाळपासून उभे, मिरवणूक संपायला पहाट झाली, मग तलावावरचं सगळं आवरून सुटता सुटता दुपार. अठ्ठावीस तास. त्यातला एक पोरगा मोटरसायकलवर गावाकडे निघाला आणि सरळ रस्त्यावर, ना समोर गाडी ना खड्डा, डिव्हायडरवर गेला. झोप लागली होती. पायात रॉड पडला, वाचला. बंदोबस्ताच्या आदेशात कुठे उभं राहायचं, काठी कुठली, हेल्मेट कुठलं, सगळं होतं. सुटल्यावर त्यांना घरी कसं पोचवायचं हे नव्हतं. त्यानंतर मी बंदोबस्त सुटला की चार तास बॅरेकमध्ये झोपल्याशिवाय मोटरसायकलची किल्ली देत नसे. अक्षरशः किल्ल्या माझ्या ड्रॉवरमध्ये.

बंदोबस्ताचा विषय निघाला तर हेही लक्षात घ्या, आठ असो की बारा, कुठलीच पाळी बंदोबस्ताला टिकत नाही. जळगावचा कार्तिकी एकादशीचा रथ, अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा, नंदुरबारचे गणपती, सारंगखेड्याची यात्रा, मग मोहरम, ईद, आंबेडकर जयंती, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे, सगळे एसपींच्या हाताखाली, इथे आयुक्तालय कुठेच नाही, त्यामुळे शहरातल्या ठाण्याचा माणूस शहरापुरता नसतो. सारंगखेड्याला घोडे आले की आमच्याकडूनही मागणी यायची. होमगार्ड येतात मदतीला, पण होमगार्डला एकट्याला पॉइंटवर सोडता येत नाही, सोबत आपला एक लागतोच.

आणि एक काम असं आहे ज्याला पाळी लावताच येत नाही, ते म्हणजे तपास. आरोपी पकडला की 24 तासांत कोर्टापुढे उभा करायचा, त्यात पंचनामा, मेडिकल, जबाब, रिमांड रिपोर्ट. तपासी अंमलदार आठला म्हणाला माझी पाळी संपली तर? दुसऱ्याला ती केस माहीतच नाही. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले, आता झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकची टीम बोलवायची, चांगल्याच गोष्टी आहेत, केस कोर्टात टिकते, पण प्रत्येकात दोन तास जातात आणि ते दोन तास कुठल्या मंजूर संख्येत धरलेले नाहीत. 2022 ला शिपाई अन् हवालदार यांच्यामधलं पोलीस नाईक हे पदच रद्द केलं, हवालदार वाढले म्हणजे तपास करणारे हात वाढले, हे बरं झालं, पण हवालदार झालेला माणूस काठी घेऊन पॉइंटला उभा राहायला जरा नाराजच असतो, म्हणजे रस्त्यावरचा अजून एक कमी.

म्हणून माझं म्हणणं असं की आठ तास सरसकट मागू नका. खुर्चीची कामं वेगळी आणि केसची कामं वेगळी. ठाणे अंमलदार, वायरलेस, लॉकअप, 112 ची गाडी, ही खुर्चीची कामं, इथे माणूस बदलला तरी काम तेच राहतं, इथे तास पक्के बांधून द्या, बारा-चोवीस पण सुट्टी न कापता. तपासवाल्यांना तास बांधू नका, त्यांना केस संपली की बदली सुट्टी द्या, आणि ती त्याच महिन्यात, साठवून ठेवलेली सुट्टी ही न मिळालेलीच सुट्टी. गस्तीला वेळ कॉल बघून ठरवा. आणि संलग्नवाले परत आणा, आमच्या त्या 11 पैकी सहा जण जरी परत आले असते ना, तर माझी गस्त 11 ची 17 झाली असती, म्हणजे भरती न काढता, एक रुपया न घालता दीडपट.

आता तुमचं निवेदन. त्यात 'पोलीस संख्या वाढवा' एवढंच लिहिलं तर वरून छापील उत्तर येईल, मागणी शासनाकडे पाठवली आहे. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. आमच्या ठाण्याच्या पगारपत्रकावरचे किती अंमलदार आजच्या तारखेला दुसरीकडे संलग्न आहेत आणि कधीपासून. मागच्या महिन्यात किती साप्ताहिक सुट्ट्या देय होत्या आणि किती दिल्या. आणि रात्री 12 ते पहाटे 4 या वेळेत गस्तीला सरासरी किती अंमलदार होते. शेवटचा प्रश्न मागच्या तारखांचा विचारा, पुढच्या नको, पुढची गस्त कोणी लिहून देणार नाही आणि देऊही नये. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, पण मी म्हणेन आधी अर्ज टाकू नका, आधी ठाण्यात जा, इन्स्पेक्टर साहेबांना भेटा, आणि बाहेर पडताना बारनिशीच्या शेजारच्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसलेला जो वैतागलेला माणूस दिसेल त्याच्याशी दहा मिनिटं बोला. संध्याकाळी सहाच्या आत जा, सहानंतर तो कोणाशी बोलायच्या मनःस्थितीत नसतो.